शेरिफ काळा, गाव गोरं : हा विडंबनपट पाहावा का?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या वेळी निवडलेली पत्रं वर्णभेदाची टर उडवणाऱ्या अमेरिकी चित्रपटांविषयी आहेत.

प्रश्न : पुतण्याने ‘ब्लेझिंग सॅडल्स’ नावाचा पन्नास वर्षांपूर्वीचा अमेरिकी विनोदी चित्रपट पाहायला सांगितला आहे. त्याच्या मते वर्णद्वेषाची अशी रेवडी कुणी उडवली नाही. आमच्या शेजारचे निवृत्त प्राध्यापक म्हणतात, काळ्या माणसांना दिली जाणारी ती शिवी त्यात पदोपदी येते, तेव्हा वाटेला जाऊ नका. दोघांचंही म्हणणं पटतं. वेळ घालवण्यासारखा आहे का?
— दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : पाहा. आणि दोघांचंही म्हणणं खरंच आहे.

मेल ब्रुक्स दिग्दर्शित हा चित्रपट १९७४ चा, लांबी ९३ मिनिटं. गोष्ट १८७४ सालच्या पश्चिम अमेरिकेत घडते. रेल्वेच्या वाटेत चोरवाळू लागते, म्हणून रूळ ‘रॉक रिज’ नावाच्या गावातून वळवायचे ठरतात. गावची जमीन फुकटात लाटायची तर गाव पळवून लावलं पाहिजे. त्यासाठी हेडली लमार नावाचा धूर्त सरकारी वकील एक शक्कल काढतो. फाशीची शिक्षा झालेल्या बार्ट या काळ्या रेल्वेमजुराला तो गावचा शेरिफ, म्हणजे पोलीसप्रमुख, नेमवतो. गोऱ्यांच्या गावात काळा शेरिफ आला की एक तर गाव त्याला मारेल, नाही तर गावच उठून जाईल, असा त्याचा हिशेब.

पाहण्याजोगा आहे की नाही, हे तुम्हाला सुरुवातीच्या एकाच प्रसंगावरून ठरवता येईल. उन्हात रूळ टाकणाऱ्या काळ्या मजुरांना गोरा मुकादम म्हणतो, गुलामगिरीत असताना तुम्ही गात होतात तसं एखादं गाणं म्हणा. मजूर एकमेकांकडे पाहतात आणि कोल पोर्टरचं नागर प्रेमगीत सफाईदार सुरावटीत गाऊ लागतात. ते गाणं १९३४ चं, म्हणजे गोष्टीच्या काळानंतर साठ वर्षांनी लिहिलेलं. मुकादम वैतागतो. हे नव्हे, ‘कॅम्पटाउन’चं म्हणा! मजूर साळसूदपणे सांगतात, आम्हाला नाही येत. मग मुकादम आणि त्याचे साथीदार स्वतःच नाचत-उड्या मारत ते म्हणून दाखवतात, आणि मजूर उभ्या उभ्या तमाशा पाहतात.

आता यातली मेख. ‘कॅम्पटाउन रेसेस’ हे गाणं काळ्या मजुरांचं नव्हतंच. ते स्टीफन फॉस्टर या गोऱ्या संगीतकाराने १८५० मध्ये मिन्स्ट्रेल खेळांसाठी लिहिलं. या खेळांत गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून काळ्यांची नक्कल करत. म्हणजे मुकादम ज्याला ‘तुमचं गाणं’ म्हणतो आहे ते गोऱ्यांनीच रचलेलं सोंग आहे, आणि शेवटी ते सोंग नाचून दाखवायची पाळी गोऱ्यांवरच येते. काळ्या माणसाबद्दलचं गोऱ्याचं ज्ञान कुठून आलं, याचा पंचनामा दोन-तीन मिनिटांत, एकही भाषण न ठोकता उरकलेला आहे. लगेच पुढच्या प्रसंगात बार्ट आणि त्याचा सोबती ढकलगाडीसकट चोरवाळूत रुततात. मुकादम दोर टाकून आधी चारशे डॉलरची ढकलगाडी बाहेर ओढतो. माणसं आपली आपण निघतात.

तिसरा नमुना बार्टच्या गावप्रवेशाचा. बंदुका रोखलेल्या गावकऱ्यांसमोर तो स्वतःचंच पिस्तूल स्वतःच्या कानशिलाला लावतो आणि दरडावतो : कुणी हललात तर या काळ्याला उडवीन! मग आवाज बदलून घाबऱ्या गड्याचं गयावया करतो. गावकरी हातातल्या बंदुका खाली घेतात. एकाच माणसात त्यांना दोन माणसं दिसतात, एक धोकादायक काळा आणि एक बिचारा काळा. समोर उभा असलेला हुशार माणूस मात्र दिसत नाही. क्लीव्हन लिटल या नटाने हे ज्या सहजतेने केलंय, ते पाहण्यासाठीच चित्रपट लावावा.

शिवीबद्दल. ती खरोखरच वारंवार येते. ऐकताना अंगावर काटा येईल, आणि यावा अशीच योजना आहे. बहुतेक वेळा ती गावकऱ्यांच्या, गुंडांच्या, मुकादमांच्या तोंडी आहे आणि ती उच्चारणारा त्या क्षणी मूर्ख ठरतो. पटकथेच्या पाच लेखकांत रिचर्ड प्रायर हा काळा विनोदवीर होता. बार्टची भूमिकाही त्यानेच करावी अशी ब्रुक्सची इच्छा होती, पण स्टुडिओने त्याला नकार दिला. वर्णद्वेषावरच्या विनोदाची सगळी बैठक ‘हसं कुणाचं होतंय’ यावर अवलंबून असते, आणि इथे त्या बाबतीत लेखकांचा हात बहुतांशी पक्का आहे.

सगळीकडे नाही. बायकांवरचे काही विनोद, विशेषतः जबरदस्तीवरचे, आज ऐकवत नाहीत. शेवटाकडे नाचणाऱ्या पुरुषांच्या बायकी हावभावांवर बेतलेला एक लांबलचक प्रसंग आहे. त्यात हसं होतं ते दुबळ्याचंच. चित्रपटाने आपलाच नियम तिथे मोडला आहे. ब्रुक्स स्वतः मूलनिवासी टोळीप्रमुख होऊन यिडिशमध्ये, म्हणजे युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत, बोलतो. गोऱ्या नटांनी मूलनिवासींची सोंगं घ्यायची हॉलिवूडची जुनी खोड, तिच्यावरच तो टोला आहे, पण मूलनिवासी माणूस पडद्यावर नाही तो नाहीच. शेवटची हाणामारी पडदा फोडून स्टुडिओच्या आवारात, तिथून भोजनगृहात आणि पुढे हॉलिवूडच्या चित्रपटगृहापर्यंत जाते. कल्पना अफलातून, पण तोवर गोष्टीतला जीव गेलेला असतो. आमच्या मते पहिला तासभर उत्तम, नंतर मिळेल तेवढा नफा.

प्रश्न : आम्ही दोघांनी हाच चित्रपट लावला. पंचवीस मिनिटं झाली तरी हसू येईना. चूक आमची की चित्रपटाची?
— रावपुरा, बडोदे

उत्तर : कदाचित तुमच्या टीव्हीची. तीन गोष्टी तपासा.

पहिली, पडद्याचा आकार. हा चित्रपट २.३५ : १ या रुंद प्रमाणात चित्रित झाला आहे, आणि घरच्या टीव्हीचं प्रमाण १.७८ : १ असतं. त्यामुळे वर-खाली काळ्या पट्ट्या दिसणारच. त्या खटकतात म्हणून अनेक जण रिमोटवर ‘झूम’ दाबतात. तसं केलं की रुंदीचा जवळजवळ चौथा भाग कापला जातो, आणि या चित्रपटातला निम्मा विनोद कडेलाच असतो. गावातल्या आइस्क्रीमच्या दुकानाची पाटीच घ्या. ‘हॉवर्ड जॉन्सन’ ही अमेरिकी साखळी २८ स्वादांसाठी प्रसिद्ध होती. इथे पाटीवर लिहिलंय, एकच स्वाद. (गावात झाडून सगळ्यांचं आडनाव जॉन्सन आहे, तो वेगळाच विनोद.) पाटी कापली गेली तर तुम्ही नुसती धूळ पाहत बसाल. मोबाइलवर पाहण्याचा तर विचारही नको.

दुसरी, प्रत कोणती आहे. अमेरिकी दूरदर्शन वाहिन्यांसाठी याच्या कापलेल्या आवृत्त्या तयार झाल्या. त्यांत शिव्या गाळलेल्या आहेत, आणि शेकोटीभोवती बसून राजमा खाणाऱ्या गुंडांच्या सुप्रसिद्ध प्रसंगातले पोटातले आवाजही झाकलेले आहेत. आवाज काढून टाकल्यावर तिथे उरतं काय, तर माणसं उठतात आणि बसतात. लांबी ९३ मिनिटांपेक्षा बरीच कमी दिसली तर प्रत बदला.

तिसरी, उपशीर्षकं. इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी इंग्रजी उपशीर्षकं लावाच. पश्चिम अमेरिकेतला गावठी हेल, मॅडलिन कान या नटीने काढलेला जर्मन हेल आणि ब्रुक्सची यिडिश हे सगळं केवळ कानाने पकडणं अवघड आहे. हिंदीत भाषांतरित केलेली उपशीर्षकं लावू नका. त्यांत अर्थ येतो, पण वाक्याच्या शेवटचा झटका हरवतो.

हे तिन्ही ठीक असूनही हसू आलं नाही, तर मग गृहपाठ कमी पडला. विडंबनाला मूळ माहीत असावं लागतं. अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ रविकिरण मंडळाच्या कविता कानावर असलेल्यांना १९२५ मध्ये जशी हसवून गेली, तशी आज त्या कविता न वाचलेल्याला हसवत नाहीत. वेस्टर्नपटांचा, म्हणजे जुन्या पश्चिम अमेरिकेतल्या गुराखी-बंदूकबाजांच्या चित्रपटांचा, अर्धा गृहपाठ तुमचा आधीच झालेला आहे, कारण ‘शोले’ तुम्ही पाहिलाच असणार. दरोडेखोरांनी गांजलेलं गाव, भाड्याने आणलेले बंदूकबाज, धुळीतून येणारे घोडे, हे सगळं व्याकरण तिथलंच. उरलेल्या अर्ध्यासाठी १९५२ चा ‘हाय नून’ पाहा. ८५ मिनिटांचा आहे. गावाने वाऱ्यावर सोडलेला एकटा मार्शल ही त्याची गोष्ट. तो पाहिला की ‘ब्लेझिंग सॅडल्स’च्या चर्चमधल्या गावसभेत नक्की कशाची फजिती चालली आहे, ते कळतं. ‘ब्लेझिंग सॅडल्स’चं शीर्षकगीत फ्रँकी लेन यांनी गायलंय. खऱ्याखुऱ्या वेस्टर्नपटांची गाणी गाणारा हाच आवाज, आणि इथेही ते चाबकाच्या फटकाऱ्यांसह अगदी जीव ओतून गातात. मूळ गाणी ऐकलेल्याला तिथेच पहिलं हसू फुटतं.

इतिहासाचीही एक जोड द्यावी. आपण पाहिलेल्या वेस्टर्नपटांत गुराखी गोरेच असतात. प्रत्यक्षात त्या काळचा अंदाजे दर चौथा गुराखी काळा होता, असं इतिहासकार मानतात. बॅस रीव्ह्ज हा गुलामगिरीत जन्मलेला माणूस १८७५ मध्ये डेप्युटी यू. एस. मार्शल झाला आणि त्याने तीसहून अधिक वर्षं ती नोकरी केली. म्हणजे काळा कायदारक्षक ही ब्रुक्सची थाप नव्हती. थापा मारत होते ते जुने वेस्टर्नपट. रेल्वेचंही तसंच. १० मे १८६९ रोजी पूर्व-पश्चिम रूळ जोडले गेले, त्यात पश्चिमेकडून हजारो चिनी मजूर राबले होते आणि पूर्वेकडून मोठ्या संख्येने आयरिश. चित्रपटात गाव वाचवण्याच्या बदल्यात मजूर जमीन मागतात तेव्हा गावकरी म्हणतात, काळ्यांना देऊ, चिन्यांना देऊ, पण आयरिश नकोत! द्वेषाची रांग लावायची म्हटली की कुणाला तरी शेवटी उभं करावंच लागतं.

प्रश्न : मुलगा चौदा वर्षांचा आहे. त्याला दाखवावा का? ओटीटीवर वयाचे आकडे असतात त्यांवर विसंबावं का?
— अलकापुरी, बडोदे

उत्तर : नको. अमेरिकेत याला ‘आर’ प्रमाणपत्र आहे, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांनी पालकांसोबतच पाहावा. मुद्दा फक्त अंगविक्षेपांचा नाही. चौदाव्या वर्षी मूल शिवीची चाल पटकन उचलतं, ती कुणाच्या तोंडी आणि का घातली आहे हे त्याला उशिरा कळतं. शाळेत ती त्याने सहज उच्चारली तर तुम्हालाच बोलावणं येईल.

ओटीटीवरचं वर्गीकरण २०२१ च्या नियमांनुसार मंच स्वतः करतात : सर्वांसाठी, ७, १३ आणि १६ वर्षांवरील, आणि फक्त प्रौढांसाठी. हे आकडे हिंसा, भाषा, नग्नता मोजतात. विनोदाचा रोख कुणावर आहे, हे कुठलाच आकडा सांगत नाही. तेवढं तुम्हालाच पाहावं लागेल. हवं तर रेल्वेमजुरांच्या गाण्याचा प्रसंग तुम्ही आधी पाहून ठेवा आणि सोबत बसून तेवढाच दाखवा. त्यातही शिवी आहे, म्हणून आधी दोन वाक्यांत सांगा की हा शब्द गुलामांच्या मालकांचा होता.

प्रश्न : आम्ही काही विद्यार्थी फतेगंज भागात दर महिन्याला एक चित्रपट एकत्र पाहतो. आमच्यात नायजेरिया आणि टांझानियाचे वर्गमित्र आहेत. त्यांना आवडेल असा वर्णभेदावरचा विडंबनपट सुचवा. ‘अंडरकव्हर ब्रदर’, ‘ब्लॅक डायनामाइट’ आणि ‘डोन्ट बी अ मेनेस’ ही नावं चर्चेत आहेत.
— फतेगंज, बडोदे

उत्तर : आधी एक गैरसमज. लागोसहून आलेला मुलगा आणि शिकागोत वाढलेला मुलगा यांचा रंग सारखा म्हणून विनोद सारखा नसतो. नायजेरियात चित्रपटांचा स्वतःचा मोठा धंदा आहे. तिथल्या मुलाला १९७० च्या दशकातले काळे अमेरिकी मारधाडपट तुमच्याइतकेच परके असू शकतात. ‘तुमच्यासाठी खास’ म्हणून चित्रपट लावाल तर तो बिचारा दीड तास अवघडून बसेल. निवडीतच त्यांना घ्या.

आता तिन्हींचा हिशेब. ‘अंडरकव्हर ब्रदर’ २००२ चा, ८६ मिनिटांचा, अमेरिकेत १३ वर्षांवरील मुलांनी पालकांच्या सल्ल्याने पाहावा असा. जेम्स बॉण्डची हेरगिरी आणि सत्तरच्या दशकातले काळ्या नायकांचे मारधाडपट, ज्यांना ‘ब्लॅक्स्प्लॉइटेशन’ म्हणतात, यांची ही मिसळ. गोऱ्यांचा एक अदृश्य म्होरक्या, नाव ‘द मॅन’. राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या राहू पाहणाऱ्या काळ्या सेनानीला तो औषधाने गुंगवतो आणि राजकारणाऐवजी तळलेल्या कोंबडीचं दुकान काढायला लावतो. नायक गोऱ्यांच्या कंपनीत घुसताना मेयोनीजला घाबरतो, म्हणून त्याच्या घड्याळात तिखट सॉस भरलेला असतो. गोऱ्यांचे काळ्यांबद्दलचे आणि काळ्यांचे गोऱ्यांबद्दलचे समज दोन्हींवर सारखीच काठी चालते. त्यामुळे मिश्र मंडळींत हाच सगळ्यात सोयीचा. आमची शिफारस याचीच.

‘ब्लॅक डायनामाइट’ (२००९) कारागिरीत या तिघांत सरस आहे, पण तो चित्रपटवेड्यांचा चित्रपट. वर्णभेद त्यात आहे. मात्र खरा विनोद आहे तो गरीब निर्मात्यांच्या गचाळ चित्रीकरणाचा. सुपर १६ मिलिमीटर फिल्मवर मुद्दाम जुनाट रंगात चित्रण केलंय. माइक चौकटीत लोंबतो आणि नायक त्याच्याकडे तिरक्या नजरेने पाहतो. एक नट संवादासोबत कंसातली सूचनाही वाचून टाकतो. मारामारीत खरा फटका बसलेला नट पुढच्या क्षणी बदललेला असतो. नायक मायकल जाय व्हाइट खरा मार्शल आर्ट्सवाला असल्याने मारामारी मात्र अस्सल. मूळ चित्रपट माहीत नसले तर प्रेक्षक म्हणतील, किती वाईट बनवलाय! म्हणून हा लावायचाच असेल तर आधी ‘शाफ्ट’ (१९७१) ची सुरुवात दाखवा. न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून चालणारा रिचर्ड राउंडट्री आणि पार्श्वभूमीला आयझॅक हेझचं ऑस्कर मिळालेलं गाणं. पाच मिनिटांत डौल कळतो, आणि डौल कळल्याशिवाय त्याची नक्कल कळत नाही. ‘ब्लॅक डायनामाइट’ प्रौढांसाठीच.

‘डोन्ट बी अ मेनेस’ (१९९६) सध्या बाजूला ठेवा. १९९१ च्या ‘बॉयज एन द हूड’ आणि त्यानंतरच्या काळ्या वस्त्यांवरच्या गंभीर चित्रपटांची ही खिल्ली. एक टपालवाला अधूनमधून येतो आणि कुणी उपदेश सुरू केला की ‘संदेश!’ असं ओरडून जातो. ही कल्पना आम्हाला मनापासून आवडते. आपल्याकडच्या कित्येक चित्रपटांत तो नेमायला हवा. पण बाकीचा चित्रपट बंदुका, गांजा आणि बायका यांवरच्या ओबडधोबड विनोदांनी भरलेला आहे. मूळ चित्रपट न पाहिलेल्या माणसाला तो विडंबन वाटणारच नाही, काळ्यांची वस्ती अशीच असते असं वाटेल. विडंबनाचा सगळ्यात मोठा धोका हाच की मूळ न पाहिलेला प्रेक्षक नकलेलाच मूळ समजतो.

व्यवस्थेचं थोडं. चार-सहा मित्र घरी बसून पाहणं वेगळं आणि फलक लावून सभागृहात दाखवणं वेगळं. ओटीटीची वैयक्तिक वर्गणी घरापुरतीच असते. जाहीर खेळासाठी हक्कधारकाची परवानगी आणि सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. चर्चा ठेवणार असाल तर चित्रपटानंतर दहा मिनिटं चहाला द्या आणि मग बसा. दिवे लागताच ‘तुम्हाला वाईट वाटलं का?’ असं आफ्रिकी मित्रालाच पहिलं विचारू नका. त्याला अख्ख्या खंडाचा वकील करू नका.

प्रश्न : ‘ट्रॉपिक थंडर’मध्ये गोऱ्या नटाने तोंडाला काळं फासलं तरी त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. मग आपल्या चित्रपटांतल्या सावळ्या मेकअपवर टीका का होते?
— मकरपुरा, बडोदे

उत्तर : कारण दोन्हीकडे रंग एकच असला तरी काम वेगळं आहे. २००८ च्या त्या चित्रपटात रॉबर्ट डाउनी ज्युनियर एका अहंमन्य गोऱ्या नटाची भूमिका करतो. हा नट काळ्या सैनिकाच्या भूमिकेसाठी कातडीचा रंग बदलून घेतो आणि चित्रीकरण थांबल्यावरही सोंग सोडत नाही. टर उडते ती पुरस्कारासाठी हपापलेल्या नटाची. त्याच्या शेजारी खऱ्या काळ्या नटाची व्यक्तिरेखा मुद्दाम ठेवली आहे, आणि ती पावलोपावली त्याला झापते. ती व्यक्तिरेखा काढून टाका, मग उरतं ते जुनंच मिन्स्ट्रेल. तरीसुद्धा हा विनोद सगळ्यांना पचलेला नाही, आणि त्याच चित्रपटातल्या मतिमंद माणसाच्या सोंगावर तर अपंगांच्या संघटनांनी निदर्शनं केली.

आपल्याकडे गोऱ्यापान नटीला गरीब दाखवायचं म्हणून तपकिरी रंग फासतात आणि त्यात विनोदही नसतो. सावळी मुलगी निवडायची नाही, सावळेपण मात्र हवं. विनोदी चित्रपटांत तर काळा रंग हाच विनोद असतो. ‘अंधारात दिसत नाही’ छापाच्या कोट्या अजून चालतात. यात फजिती कुणाची होते ते सांगायला नको. गुजरातेत तर आफ्रिकी वंशाचा सिद्दी समाज शतकानुशतकं राहतो आहे, भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरला बावा गोरचा दर्गा आहे, त्यांचं धमाल नृत्य सरकारी महोत्सवांत हौसेने बोलावलं जातं. तेवढ्यावर त्यांची आठवण संपते. पडद्यावर आफ्रिकी चेहरा आलाच तर खलनायकाचा अंगरक्षक म्हणून.

याच दुखण्यावरचा एक छोटा, कमी पाहिला गेलेला चित्रपट सुचवतो : रॉबर्ट टाउनसेंडचा ‘हॉलिवूड शफल’ (१९८७). काळ्या नटाला गुंड, नोकर आणि दलाल यांपलीकडे भूमिका मिळत नाही, ही त्याची तक्रार. त्यात काळ्या नटांना ‘काळं कसं दिसावं’ हे शिकवणारी एक शाळा आहे, आणि शिक्षक गोरे. टाउनसेंडने हा बनवताना क्रेडिट कार्डांवर खर्च केला. ते दैन्य पडद्यावर दिसतं, पण टोला बसायचा तिथे बसतो.

प्रश्न : ‘व्हाइट चिक्स’?
— वाघोडिया रस्ता, बडोदे

उत्तर : एफबीआयचे दोन काळे तपास अधिकारी गोऱ्या श्रीमंत बहिणींचं सोंग घेतात. वर्णभेदापेक्षा श्रीमंतीवरचा विनोद जास्त. टेरी क्रूजसाठी पाहा, बाकी इस्त्री करता करता चालेल.

प्रश्न : ‘ब्लेझिंग सॅडल्स’ पाहिला, आवडला. एक प्रश्न डोक्यातून जात नाही. असा चित्रपट आपल्याकडे जातीवर का होत नाही? झाला तर चालेल का?
— कारेलीबाग, बडोदे

उत्तर : बडोद्यातून हा प्रश्न यावा याला अर्थ आहे. वरून नेमणूक झालेला लायक अधिकारी गावात येतो आणि गाव त्याला उभं करत नाही, ही बार्टची गोष्ट. ती याच शहरात १९१७ मध्ये खरी घडली आहे. सयाजीरावांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेले डॉ. आंबेडकर संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला परत आले. त्यांना राहायला जागा मिळाली नाही. नाव लपवून ते पारशांच्या सरायीत उतरले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्यांनी त्यांना बाहेर काढलं. कामाटीबागेतली संकल्पभूमी त्याच प्रसंगाची खूण आहे. बार्टने पिस्तूल स्वतःच्या कानशिलाला लावून गाव फसवलं, कारण तो विनोदी चित्रपटात होता.

म्हणून ‘चालेल का’ याचं उत्तर कोण लिहितं यावर अवलंबून आहे. प्रायरला लेखनात घेतल्यामुळे ब्रुक्सचा चित्रपट तरला. जातीवरचं विडंबन ज्याने ती सोसली आहे त्याच्या लेखणीशिवाय लिहिलं गेलं तर ते ‘त्यांच्या’ बोलीवर, जेवणावर आणि नावांवर कोट्या करत बसेल. हे आपण एकपात्री प्रयोगांतून पुष्कळ पाहतो.

परंपरा मात्र आपल्याकडे नाही असं नाही. तमाशाच्या वगातला सोंगाड्या राजाला आणि पाटलाला तोंडावर बनवत आला आहे, आणि ते सोंग करणारे बहुतेक महार-मांग समाजातले कलावंत होते. सत्यशोधकी जलशांनी तोच साचा उचलून गणात गणपतीऐवजी वेगळं वंदन घातलं, गवळणीच्या जागी भटजी-सावकाराची फजिती आणली. पुढे आंबेडकरी जलशांत भीमराव कर्डकांसारख्यांनी तेच हत्यार आणखी पाजळलं. म्हणजे विडंबनाचं यंत्र घरात आहे, ते चित्रपटाला जोडलं गेलं नाही.

का जोडलं गेलं नाही, याचं एक व्यावहारिक कारण आहे. विडंबनाला आधी एक ठोकळेबाज मूळ लागतं. अमेरिकेत हजारो वेस्टर्नपट होते, त्यांत गोरा नायक ठरलेला. ते साचे सगळ्यांना पाठ झाल्यावर ब्रुक्सने त्यांत एक काळा माणूस घुसवला आणि साचा आपोआप हास्यास्पद झाला. आपल्याकडचा तसा साचा शोधायचा तर वाड्यातल्या कौटुंबिक मालिका घ्या. मोठा चौक, तुळशीवृंदावन, पैठणी नेसलेल्या जावा, दर भागात एक पूजा, आणि आडनावं ठरावीक दहा-पंधरा. या वाड्यात वेगळ्या आडनावाची सून सरळ मुख्य दाराने आणा. संवाद मूळ मालिकेचेच ठेवा, कॅमेरा तसाच तीन-तीनदा प्रत्येक चेहऱ्यावर आपटू द्या, पार्श्वसंगीतही तेच. सुनेला विनोदी करू नका, ती एकटीच शहाण्यासारखी वागू दे. गडबडेल ते वाड्यातलं मंडळ. वीस मिनिटांचा लघुपट यावर सहज होईल, खर्चही फार नाही. लिहायला बसणारा मात्र त्या सुनेच्या घरातला हवा.

प्रश्न : यांतला एखादा सासूबाईंसोबत बसून पाहता येईल का?
— मांजलपूर, बडोदे

उत्तर : ‘अंडरकव्हर ब्रदर’. नायिका आणि खलनायिका मारामारी करत न्हाणीघरात पोचतात, तेव्हा चहा ठेवायला उठा.